भियाची कादंबरी आणि होळीचा बोकड

सुरुवातीलाच हात जोडते. माझं अक्षर वाकडंतिकडं आहे, आणि ऱ्हस्व-दीर्घ मला कधी जमलं नाही. आमच्या तांड्यातली शाळा चौथीपर्यंत होती. पाचवीसाठी जंगलातून चालत दुसऱ्या गावाला जावं लागे आणि मुलीला एवढं लांब कोण पाठवणार, म्हणून शाळा जिथं संपली तिथंच माझं शिकणंही संपलं. हे मी कुणाला दाखवायला लिहीत नाही. दुपारी सून शेतात आणि नातू शाळेत गेला, की पेटीवर कागद ठेवून लिहिते. चाहूल लागली की पदराखाली घेते. कागद म्हणजे माझ्या मोठ्या भावाच्या कादंबरीची उरलेली मुखपृष्ठं. छापखान्यानं ती पुस्तकांपेक्षा बरीच जास्त छापली होती, आणि मागची बाजू कोरी आहे. म्हणून कादंबरीचं नाव मी इथं लिहीत नाही. कागद उलटला की लाल अक्षरांत ते आहेच. हे कुणाच्या हाती पडलंच तर माझ्या अक्षराला खुशाल हसा. कादंबरीला मात्र जपून हसा, कारण तिच्यावर आमच्या अख्ख्या तांड्याची एक होळी अडकली होती.

आमचा तांडा झरीच्या बाजूला. सकाळी गाडी जुंपली तर मुकुटबनचा बाजार भरायच्या वेळेला पोचावं, एवढ्या अंतरावर. घरात आम्ही तिघं. आई, म्हणजे आमच्या गोरबोलीत याडी. मोठा भाऊ प्रल्हाद, ज्याला मी भिया म्हणायची. आणि मी गोमी. बापू मी लहान असतानाच गेले होते. घरात बोलणं गोरबोलीतलं, बाजारात वऱ्हाडी, आणि भिया लिहायचा ते शाळेच्या मराठीत. कापसाच्या हंगामात तो वणीला जिनिंगवर काट्याजवळ कामाला असे, बाकीचे महिने शेतात. पहाटे याडी जात्यावर बसली, की घरघर सुरू झाल्याबरोबर भिया उठून लिहायला बसायचा. जातं थांबलं की त्याचं लिहिणंही थांबायचं; मग ज्वारीची गरम बाटी, अंबाडीची भाजी आणि हिरव्या मिरचीचा ठेचा खाऊन तो शेतात जायचा. कादंबरी जसजशी वाढत गेली, तसतशी याडी मुद्दाम जास्त दळू लागली. शेवटी शेवटी आमच्याकडे इतकं पीठ साचलं, की शेजारणी आपलं दळण बाजूला ठेवून आमच्याच घरी उसनं पीठ मागायला येऊ लागल्या.

प्रत्येक प्रकरण लिहून झालं की तो ते मला मोठ्यानं वाचायला लावायचा. याडी ऐकायची. मी बोट ठेवून वाचायची, आणि जिथं अडखळेन तिथं भिया पेन्सिलीनं खूण करायचा. मी म्हणायची, "मलेच वाचता येत नाही, तू कायले खोडून राह्यला?" तो म्हणायचा, "तू अडकली म्हनजे वाक्यच लंगडं हाय." असं करत करत पुस्तक पुरं झालं, तोवर मला ते जवळजवळ पाठ झालं होतं. गोष्ट सोनकी नावाच्या मुलीची. तिचं लांबच्या तांड्यात लग्न होतं, आणि तिथून ती आपल्या अकलेनं स्वतःचं घर उभं करते. लोकांसमोर मला दोन शब्द नीट बोलता येत नसत, पण सोनकीचं बोलणं असलं की माझी जीभ सरळ चालायची.

भियानं हस्तलिखित पुण्याच्या एका प्रकाशकाकडे पाठवलं. पार्सल याडीनं बांधलं. आमचे पूर्वज बैलांच्या पाठीवर मिठाच्या अन् धान्याच्या गोण्या लादून मुलूखभर हिंडत. ते बैल गेले, गोण्या गेल्या, पण गोणी बांधायची गाठ घराघरांत राहिली. ओढावी तेवढी ती आवळत जाते, आणि रीत माहीत नसली तर विळ्यानं कापल्याशिवाय सुटत नाही. बऱ्याच महिन्यांनी एक चिठ्ठी आली, की आपलं लेखन लक्षपूर्वक वाचलं, परंतु आमच्या वाचकांना ते मानवणारं नाही. मागून पार्सलही आलं. भिया अंगणात उभा राहून चिठ्ठी पुन्हा पुन्हा वाचत होता. याडीनं पार्सल हातात घेऊन फिरवून पाहिलं.

"वाचलं म्हनते ना तो मानूस?"

"हो. लक्षपूर्वक."

"मंग माही गाठ काहून तशीच हाय?"

भियानं पाहिलं. सुतळी तीच, गाठ तीच. आणि तो इतका हसला, की त्याला खाली बसावं लागलं. "वाचलंच नाही म्हनजे नापास बी नाही केलं," तो म्हणाला. "आता मीच छापतो, मीच इकतो. आपन मीठ इकलं मुलूखभर, पुस्तक कायचं जड हाय?"

जिनिंगवरच्या मजुरीतून त्यानं थोडे पैसे साठवले होते. ते पुरणार नव्हते. तेव्हा तो नायकदादांकडे गेला. तांड्याचा प्रमुख तो नायक. आमच्या नायकदादांच्या मिशा पांढऱ्या आणि आवाज फार खोल होता. त्यांच्याकडे होळीचा पैसा असे. कापूस विकला की प्रत्येक घर त्यात भर घाली, आणि होळीला लेंगी गात, नाचत फिरणाऱ्यांना जे मिळे तेही त्यातच जाई. त्या पैशातून बोकड यायचे, गूळ यायचा, नव्या बाळांचं कौतुक व्हायचं. आणि मोठी पातेली घ्यायची म्हणून काही वर्षांपासून त्यातला थोडा थोडा मागे टाकलेला होता. दादांनी सगळा तांडा लिंबाखाली बसवला आणि भियाला विचारलं, "पुस्तक नाही गेलं तर?"

"जाईनच ते, दादा."

"नाही गेलं तर होळीले लोकायले काय वाढू? तुही पानं?"

लोक हसले. पण पैसे दिले. कापूस घेणाऱ्या व्यापाऱ्याला आपण महिनाभर उधार देतो, मग आपल्याच पोराला का नाही, असं कुणीतरी म्हणालं आणि ते सगळ्यांना पटलं. अट एकच, होळीच्या आदल्या दिवशी सगळे पैसे पिशवीत परत. नाही आले, तर यंदा बोकड नाही अन् गोडही नाही. लिंबाखालून उठताना भियाचा चेहरा उजळला होता, आणि याडीचा पार उतरला होता.

छापखाना वणीला, कोळशाचे ट्रक जातात त्या रस्त्यावर. पुस्तकं छापून आली तेव्हा पानांच्या कडांना कोळशाची बारीक काळी रेघ होती. आजही ती पुस्तकं उघडली की बोटं काळी होतात. मुखपृष्ठावर सोनकीचं चित्र हवं होतं. छापखानेवाल्याकडे लग्नपत्रिकेसाठी केलेलं एका नवरीचं चित्र तयार होतं, तेच त्यानं बसवलं. नाकात भलीमोठी नथ, अंगावर नऊवारी. याडीनं पुस्तक उचललं, लांब धरलं, जवळ धरलं. "ही कोन बाई हाय?" भिया म्हणाला, "सोनकी." याडी म्हणाली, "हिले तं मी वळखत नाही." एस.टी.च्या टपावरून आणि मग गाडीतून गठ्ठे घरी आले, आणि घरात जागाच राहिली नाही. गठ्ठ्यांची मी खाट केली. ज्वारीची कोठीही त्यांच्यावरच ठेवली. परवा सून सांगत होती, की आता पुस्तक मोबाईलवरून मागतात आणि जेवढी मागतील तेवढीच छापतात, घरात एकही ठेवावं लागत नाही. चांगलंच आहे. पण तेव्हा तसं असतं तर मी झोपले कशावर असते?

छापणं सोपं होतं, हे आम्हाला विकायला निघाल्यावर कळलं. वणीच्या एका पुस्तकांच्या दुकानदारानं याडीनं बांधलेला एक मोठा गठ्ठा ठेवून घेतला. विकली गेली तर त्यातला बराचसा पैसा त्याचा, उरलेला आमचा, तोही सवडीनं. बाकीची घेऊन भिया सायकलवर तांड्या-तांड्यांत गेला. कौतुक सगळीकडे झालं. चहा मिळाला, जेवण मिळालं. पुस्तक मात्र प्रत्येक तांड्यात एकच जाई. कारण एकानं घेतलं, की तो लिंबाखाली बसून सगळ्यांना वाचून दाखवी. पुढच्या फेरीला भिया गेला की लोक प्रेमानं सांगत, "प्रल्हाद, आमच्या साऱ्या तांड्यानं आयकलं, लय झाक लिवलं." एका म्हाताऱ्यानं तर पुस्तक फडक्यात गुंडाळून परत आणून दिलं आणि पैसे मागितले. एकही डाग पडू दिला नाही, मग पैसे परत का नकोत, असं त्याचं म्हणणं. भियानं दिले. म्हातारा इतका भला होता, की भांडता येईना.

थंडी ओसरू लागली, पळसाला कळ्या आल्या आणि माझी झोप उडाली. पाण्याला गेलं की बाया विचारायच्या, "किती गेले वो पुस्तकं?" पोरं गाणंच म्हणत, पुस्तक गेलं का बोकड आला. कुणी रागावून बोलत नव्हतं. त्याचंच जास्त वाटायचं. सगळ्या तांड्याच्या तोंडचा घास माझ्या अंथरुणाखाली बांधून ठेवलाय, असं मला होई. भिया मात्र म्हणायचा, वणीचं दुकान आहे ना, तिथली सगळी गेली असतील.

शेवटी एका बाजाराच्या दिवशी तो वणीला हिशेबाला गेला, आणि याडीनं मला गाडीत बसवलं. पुस्तकांचे दोन गठ्ठे आणि एक रिकामं पोतं. मुकुटबनच्या बाजारात आम्ही पोतं अंथरलं ते लतीफचाचांच्या मिरच्यांशेजारी. चाचा मिरच्या विकत, दिवसभर शिंकत आणि प्रत्येक शिंकेनंतर स्वतःलाच दुवा देत. मी ओढणी नाकापर्यंत ओढून बसले. लोक येत, पुस्तक उलटं करून पाहत, "कायचं हाय?" विचारत. मी जमिनीकडे पाही. याडी म्हणे, "कादंबरी हाय." लोक म्हणत, "बरं," आणि मिरच्या घेत.

दुपार कलल्यावर आमच्यातलीच एक म्हातारी आली. डोळ्यांत मोतीबिंदू, हातभर पांढऱ्या बांगड्या. ती माझ्यासमोर फतकल मारून बसली. "पोरी, मले तं अक्षर येत नाही. यात काय हाय ते तोंडानं सांग." मला सांगता येईना. मग मी पुस्तक उघडलं, जिथं उघडलं तिथं, आणि मान खाली घालून वाचायला लागले. प्रकरण नेमकं सोनकीच्या पाठवणीचं होतं.

आमच्यात नवरीला रडायला शिकवतात. त्याला ढावलो म्हणतात. लग्नाआधी मोठ्या बाया तिला जवळ घेऊन एकेक ओळ शिकवतात, आणि सासरी निघताना आईच्या, बहिणीच्या, भावाच्या गळ्यात पडून तिनं ते सुरात म्हणायचं असतं. भियाच्या गोष्टीत सोनकी ऐन वेळी शब्द विसरते. सगळा तांडा वाट पाहत उभा, आणि ही तोंड उघडून गप्प. भियानं ते हसू यावं म्हणून लिहिलं होतं. मी वाचलं, "आईच्या गळ्यात पडून सोनकीनं पहिली ओळ म्हटली, आणि पुढची तिला आठवेना." तिथं पान संपलं होतं. पान उलटायला मी जराशी थांबले.

म्हातारीनं थोडी वाट पाहिली. मग तिनं माझ्या खांद्यावर हात ठेवला, डोळे मिटले आणि सोनकीला पुढची ओळ सांगितली. सुरात, ताणून. पोरगी अडली तर जाणत्या बाईनं सांगायचं असतं, तसं. मी गप्पच, म्हणून तिनं तीच ओळ पुन्हा म्हटली, अजून मोठ्यानं. तिच्या पुढची ओळ याडीनं उचलली. याडीला ते करावंच लागलं. कुणी ढावलो धरला तर आमच्यात बाई गप्प बसत नाही. पलीकडे बांगड्या बघत असलेल्या आमच्यातल्याच दोन बाया धावत आल्या आणि याडीच्या गळ्यात पडल्या. बघता बघता आमच्या पोत्यावर सात-आठ बायांचा रडण्याचा गजर सुरू झाला, आणि सगळा बाजार पळत आला.

"कोन गया?" लतीफचाचा मिरच्या टाकून उभे राहिले.

"म्हातारी गेली काय?"

"म्हातारी तं रडून राह्यली."

"मंग कोन गेलं?"

याडीनं डोळे पुसले. "कोनी नाही गेलं, भाऊ. सोनकी सासरी चालली."

"कोनती सोनकी?"

याडीनं माझ्या मांडीवरच्या पुस्तकाकडे बोट केलं. लोकांनी पुस्तकाकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं. चाचा म्हणाले, "या अल्लाह, किताब में रोना है? फिर बेटी, आगे क्या हुआ?" तेव्हा मी मान वर केली. एवढे लोक मी जन्मात कधी एकदम पाहिले नव्हते, आणि सगळे माझ्या तोंडाकडे बघत होते. मी पुस्तक फटकन मिटलं, ओढणी हनुवटीपर्यंत ओढली आणि गुडघ्यांत डोकं घातलं.

"अवो वाच ना पुढं."

"अडून राह्यली पोरगी. भाव खाऊन राह्यली."

"पाठवनी झाली का नाही तिची? का शब्दच नाही आठवले?"

खरं तर मला धरणीनं पोटात घ्यावं असं झालं होतं. याडी मात्र मिठाच्या व्यापाऱ्यांच्या घरातली. तिनं गठ्ठ्याची गाठ एका झटक्यात सोडली आणि म्हणाली, "पुढचं यातच हाय. घ्या अन् वाचा." पहिलं पुस्तक चाचांनी घेतलं, पैशांऐवजी टोपलीभर देठाच्या मिरच्या देऊन. मग हात पुढे येत गेले.

संध्याकाळी भिया मुकुटबनलाच एस.टी.तून उतरला. डोक्यावर गठ्ठा आणि चेहरा पडलेला. दुकानदारानं पुस्तकं आतल्या खोलीत, रद्दीवर ठेवली होती. एकही विकलं गेलं नव्हतं, आणि जाणार तरी कसं. गठ्ठ्याला याडीची गाठ जशीच्या तशी होती. भियानं गठ्ठा खाली टाकला आणि मग त्याला आमचं रिकामं पोतं दिसलं. याडीनं सगळं सांगितलं. त्याला आनंद झाला, पण पूर्ण नाही.

"त्या जाग्यावर रडल्या? ते मी हासाले लिवलं होतं."

"हासतीन घरी जाऊन," याडी म्हणाली. "तू गठ्ठा सोड."

त्यानंतर मी प्रत्येक बाजाराला गेले. मुकुटबन, वणी, झरी. दर वेळी तेच पान, दर वेळी तिथंच थांबायचं. लोक म्हणू लागले, की पोरगी हुशार, ऐन जागेवर तोडते. हुशारी कसली? लोक जमले की मला पुढे वाचताच येत नसे. पण भिया आता उत्साहानं म्हणायचा, "गोमी, आज बी लाजजो बरं." गर्दीला मी अजूनही घाबरते. मात्र त्या एका पानापुरता माझा आवाज बाजारात दुरून ऐकू यायचा, हे आठवलं की या वयातही मला आतून छान वाटतं.

पैसे मात्र सगळे पैशांत येत नव्हते. तूर आली, हरभरा आला, मोहाची वाळलेली फुलं आली. एका तांड्यात चार मुलींच्या बापानं प्रत्येक मुलीला आंदणात द्यायला आणि नातेवाइकांत वाटायला एक अख्खा गठ्ठा घेतला आणि बदल्यात एक बोकड दिला. काळा, कानांवर पांढरा, फार देखणा. भिया त्याला सायकलला बांधून चालत घेऊन आला. पहिल्याच दिवशी बोकडानं गठ्ठा फोडून दोन पुस्तकं खाल्ली, नथीवाल्या बाईसकट. भिया म्हणाला, यानं तरी पुढचं पूर्ण वाचलं.

होळीच्या आदल्या दिवशी लिंबाखाली सगळे बसले. डफ तापवत ठेवले होते, हंड्यात पळसाची फुलं उकळत होती, बाया गळवाणीच्या गोडासाठी गूळ फोडायच्या तयारीनं आल्या होत्या, पण गूळ अजून यायचा होता. धान्य आणि मिरच्या आम्ही विकल्या होत्या. भियानं नोटा नायकदादांपुढे ठेवल्या. दादांनी त्या सावकाश मोजल्या. आमची बोटं जशी काळी होती, तशीच नोटांवरही कोळशाची काळी बोटं उमटली होती.

"कमी हाय, प्रल्हाद."

"दादा, बाकी तो बोकड हाय."

"मी बोकड दिलता का? पैसे दिलते. पैसेच घेईन."

पोरांचं गाणं थांबलं. तेवढ्यात याडी उठली. वयानं थोरल्यांसमोर ती मोठ्यानं बोलत नसे. त्या दिवशी पदर सावरून बोलली.

"दादा, उद्या होळीले काय कापसान?"

"बोकड."

"कोठून आनसान?"

"इकत आनीन."

"कोनापासून?"

नायकदादांनी बोकडाकडे पाहिलं. बोकडानं त्यांच्याकडे पाहिलं. कुणीतरी फिस्कन हसलं. दादांच्या मिशा हलल्या, पण आवाज तसाच खोल. "भाव सांग, वयनी."

याडीनं भाव सांगितला आणि दादा दचकले. "एवढा? बोकड हाय का बैल?"

"पुस्तक खाल्लेला बोकड हाय, दादा. अशाचा भाव येगळा राह्यते."

मग अर्धा तास घासाघीस झाली. कुणी बोकडाचे दात पाहिले, कुणी पाठ दाबली. सगळा तांडा दोन बाजूंना वाटला गेला, आणि बरेच जण दोन्ही बाजूंनी बोलले. शेवटी भाव बरोबर राहिलेल्या बाकीएवढा ठरला, आणि तो दादांनी समोरच्या नोटांतून मोजून भियाच्या हातात दिला. भियानं त्या नोटा मोजल्या, कपाळाला लावल्या आणि त्याच परत दादांच्या हातात ठेवल्या. दादांनी त्या पहिल्यांदा पाहत असल्यासारख्या पुन्हा मोजल्या, ओठ हलवत, अगदी शेवटच्या नोटेपर्यंत. गुळाचे पैसे त्यांनी बाजूला काढून एका पोराच्या मुठीत दिले, उरलेल्या नोटा पिशवीत घातल्या आणि पिशवी याडीपुढे धरली. याडीनं सुतळी दोन फेरे फिरवून गोणीची गाठ मारली. दादांनी ती ओढून पाहिली, अजून एकदा ओढून पाहिली, आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाले, "फिटले."